पाण्याची नाडी

गाय आजारी पडली की चारा सोडते, कान पाडते, रवंथ थांबवते. शेळी कळपाच्या मागे राहते. कुत्रं कोपरा धरून कुईकुई करतं. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या लेकराला जनावराचं दुखणं ओळखायला कुणी शिकवत नाही; गोठ्यात वावरता वावरता ते आपोआप कळायला लागतं. मासा मात्र कण्हत नाही. त्याला पापण्या नाहीत, त्यामुळं डोळे मिटून पडणंही नाही. ताप बघावा तर भोवतालचं पाणी जेवढं गरम तेवढंच त्याचं अंग. हात लावून बघावं तर हात लावणं हाच त्याला जाच, कारण अंगावरचा बुळबुळीत थर निघाला की रोगाला वाट मोकळी. वैद्याची नेहमीची साधनं इथं चालत नाहीत. उरतात ते डोळे, आणि रोज बघायची सवय.

आमचं तेलगाव चौरस्त्याचं. बीडहून वडवणीमार्गे परळीला जाणारा रस्ता आणि माजलगावाहून धारूरकडे जाणारा रस्ता इथं एकमेकांना भेटतात. जवळच सुंदरनगरला सोळंके साखर कारखाना, त्यामुळं हंगामभर उसाच्या ट्रॉल्या फाट्यावरून सरकत असतात. अशा गावात मोबाईलच्या दुकानात, सलूनमध्ये, दवाखान्याच्या बाकड्यासमोर काचेची पेटी दिसली तर आता कुणाला नवल वाटत नाही. कुणी वास्तूसाठी आणतं, कुणी लेकरांच्या हट्टापायी, कुणी गिऱ्हाईक दोन मिनिटं टेकावं म्हणून. पेटीत सोनमासे, काळ्या मॉली, आणि एखाद्या बरणीत एकटा फायटर. हे मासे इथले नाहीत. चेन्नईच्या कोळथूर भागात, कोलकात्याजवळच्या हावड्यात शोभेच्या माशांची मोठी पैदास होते. तिथून प्लास्टिकच्या पिशवीत थोडं पाणी आणि वर ऑक्सिजन भरून ते मोठ्या शहरात येतात, तिथून जिल्ह्याच्या दुकानात, आणि शेवटी एसटीत कुणाच्या तरी मांडीवर बसून तेलगावात. एवढ्या प्रवासात पिशवीतल्या पाण्यात त्यांचंच मलमूत्र साठत गेलेलं असतं. म्हणजे घरी येतो तो पाहुणा आधीच थकलेला असतो, आणि त्याच्या बहुतेक दुखण्यांची सुरुवात या थकव्यात असते.

तसं बघितलं तर मासा पाळणं खेड्याला नवं नाही. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून आरोग्य खात्याची माणसं हौदात, विहिरीत गप्पी मासे सोडत आलेली आहेत. दक्षिण अमेरिकेतून आलेला हा इवलासा मासा मराठवाड्यातल्या सिमेंटच्या हौदात पिढ्यान्‌पिढ्या सुखानं नांदतो. त्याला कुणी खाणं टाकत नाही की औषध देत नाही. तो आजारी पडत नाही असं नाही, पण हौदात हजारो लिटर पाणी आणि त्यात मूठभर गप्पी. पेटीत पन्नास लिटर पाणी आणि त्यात सहा सोनमासे. सगळा फरक इथं आहे.

मासा जे खातो त्यातला नत्राचा भाग अमोनिया होऊन मुख्यतः कल्ल्यांवाटे बाहेर पडतो. ज्या पाण्यात श्वास घ्यायचा त्याच पाण्यात तो पडतो. नदीत, धरणात तो वाहून जातो, विरून जातो. पेटीत तो साठतो आणि कल्ले जाळायला लागतो. याला उतारा निसर्गानंच ठेवलेला आहे. फिल्टरच्या स्पंजवर, तळाच्या वाळूवर न दिसणारे जिवाणू वस्ती करतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषच. ते रक्तात शिरलं की रक्त ऑक्सिजन वाहून नेऊ शकत नाही आणि तपकिरी पडतं. नायट्रेट मात्र बऱ्यापैकी सोसतं. पण ही वस्ती बसायला महिना-दीड महिना लागतो. आपण सकाळी पेटी आणतो, दुपारी भरतो आणि संध्याकाळी मासे सोडतो. आठ-पंधरा दिवसांत एकेक मासा वर तोंड काढून धापा टाकायला लागतो, कल्ले लालबुंद होतात, आणि घरातलं कुणीतरी म्हणतं की मासा नाजूकच होता. तो नाजूक नव्हता. त्याला विषबाधा झाली होती.

त्यात आमचं पाणी. हा सगळा प्रदेश काळ्या बेसॉल्टचा, बोअर खोल खोल गेलेले, पाणी जड. पातेल्याच्या बुडाशी पांढरा थर बसतो तो याच पाण्याचा. त्याचा सामू बहुधा चढा असतो. माती परीक्षणामुळं सामू हा शब्द शेतकऱ्याच्या ओळखीचा आहे. माशाच्या बाबतीत तो जिवावरचा आहे. सामू 7 असताना पाण्यातल्या अमोनियाचा शंभरात एक भागही खऱ्या अर्थानं विषारी रूपात नसतो. सामू 8 झाला की साधारण पाच टक्के विषारी होतो, त्याहून वर गेला की झपाट्यानं वाढतो, आणि पाणी गरम असेल तर आणखी. म्हणून पुण्या-मुंबईच्या मऊ पाण्यात जेवढी घाण मासा सोसून नेतो तेवढीच घाण इथं त्याचा जीव घेऊ शकते. यावर कुणी म्हणतं, मग जारचं आरओ पाणी भरा. तेही धड नाही. नुसत्या आरओ पाण्यात क्षार नावालाच असतात, आणि सामू सावरून धरणारं त्यात काही नसल्यामुळं तो अचानक कोसळतो. नळाच्या पाण्यात टीसीएल पावडर टाकलेली असते. विहिरीत ती पडली त्या दिवशीचं पाणी तर नाकालाच कळतं. तिच्यातलं क्लोरीन कल्ल्यांना भाजतं. ते पाणी उघड्या टपात दिवसभर ठेवावं, हलवावं, किंवा हायपोचे खडे टाकावेत, मगच पेटीत ओतावं.

म्हणून मी म्हणतो, आजारी माशाकडे बघायच्या आधी पाण्याकडे बघावं. नाडी पाण्याची बघायची. अमोनिया, नायट्राइट, सामू तपासायचे थेंब बाटलीत मिळतात, आणि औषधांच्या रंगीत बाटल्यांआधी घरात ते असावेत. तेही नसतील तर चौथाई पाणी बदलावं. तेवढ्यानं अर्धे आजार थांबतात, आणि जे थांबत नाहीत त्यांतही नुकसान होत नाही.

आता मासा. त्याला बघायची खरी वेळ पहाटेची, पेटीचा दिवा लावायच्या आधीची. माजलगाव धरणावर मासेमारी करणाऱ्या भोयांना हे पक्कं ठाऊक असतं. साचल्या पाण्यातले मासे गुदमरतात ते पहाटे, कारण रात्रभर पाणवनस्पतीही प्राणवायूच ओढत असतात आणि उजाडायच्या सुमाराला तो सगळ्यात कमी उरतो. पेटीतही तेच. बॅटरीचा उजेड थेट डोळ्यांवर न टाकता बाजूनं टाकावा आणि बघावं. पर उघडे आहेत की अंगाला चिकटवून धरलेत? नेहमीच्या जागी आहे की फिल्टरच्या मागे दडलाय? घड्याळ लावून मिनिटभर कल्ल्यांची उघडझाप मोजावी. पण तो आकडा उपयोगाचा कधी? मासा ठणठणीत असताना आपण एकदा मोजून ठेवलेला असेल तेव्हा. पुस्तकातला आकडा वेगळ्या माशाचा, वेगळ्या पाण्यातला असतो. माझ्या मते सगळ्या निदानाचा गाभा हा आहे. आजारी मासा ओळखायचा तर निरोगी मासा आधी ओळखीचा हवा. कोण घाईनं खातो, कोण मागाहून येतो, कुणाची शेपटी कशी हलते, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच आज काहीतरी बिनसलंय हे दोन दिवस आधी कळतं. आणि माशाच्या आयुष्यात दोन दिवस फार असतात.

खाणं टाकल्यावर जो पुढे येत नाही त्याचं नाव मनात टिपून ठेवावं. विष्ठा बघावी, पांढरी, दोऱ्यासारखी लोंबत असेल तर आतड्यात काहीतरी आहे, किंवा पोटात काहीच गेलेलं नाही. गोलमटोल सोनमासा एका कुशीवर तरंगायला लागला तर बऱ्याचदा पोटाचा भार वाताशयावर आलेला असतो. दोन दिवस उपास आणि मग उकडून साल काढलेला मटाराचा दाणा, एवढ्यानं तो सरळ होऊ शकतो. हा उपाय सांगायला मला आनंद होतो, कारण बाकीचे इतके सोपे नाहीत.

मासा वाळूवर, दगडावर अंग घासत सुटला तर ते खेळणं समजू नये. 2003 साली लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्कॉटलंडमध्ये ट्राउट माशांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. माशांच्या ओठांत मधमाशीचं विष आणि काहींच्या ओठांत सौम्य आम्ल टोचलं होतं. त्या माशांचा श्वास वाढला, त्यांनी बराच वेळ खाणं सोडलं, आणि आम्ल टोचलेले मासे ओठ तळाच्या खड्यांवर घासत राहिले. वेदना जाणवून देणाऱ्या मज्जातंतूंची टोकं त्यांच्या तोंडाभोवती असल्याचंही त्यांनी दाखवलं. माशाला खरंच दुखतं का, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. माझ्यापुरता तो मिटलेला आहे. पेटीसमोर बसून खड्यावर कूस घासणारा मासा ज्यानं बघितला आहे, त्याला हे दुखतंय यात शंका उरत नाही. आवाज नसलेल्या जिवाचं हेच कण्हणं.

अशा घासण्याच्या मागोमाग बहुधा पांढरे ठिपके येतात. कार्तिकात हे फार होतं. दिवसा ऊन आणि रात्री एकदम गारठा. पेटीच्या पाण्याचं तापमान पाच-सहा अंशांनी खालीवर होतं आणि माशाची प्रतिकारशक्ती ढासळते. पर आणि कल्ले यांवर रव्याचे कण सांडावेत तसे ठिपके दिसतात. इक्थिऑफ्थिरिअस नावाचा एकपेशीय परजीवी त्याच्या मुळाशी असतो. 1876 साली फ्रेंच संशोधक फुके यांनी त्याचं वर्णन केलं. तो कातडीच्या आत शिरून वाढतो, पोसल्यावर गळून तळाला जातो, तिथं कवच करून एकाचे शेकडो होतो, आणि ती पिल्लं पोहत नव्या माशाचा शोध घेतात. औषध लागू पडतं ते फक्त या पोहत्या पिल्लांना. कातडीतल्याला नाही, कवचातल्याला नाही. म्हणून ठिपके गेले की औषध थांबवणं हा घात असतो. ठिपके गेले म्हणजे परजीवी तळाला गेला एवढंच. पाणी हळूहळू 28-30 अंशांपर्यंत ऊबदार केलं की त्याचं चक्र भराभर फिरतं आणि तो औषधाच्या तावडीत लवकर सापडतो. गरम पाण्यात प्राणवायू कमी मुरतो, त्यामुळं हवेचा पंप जोरात हवा. खडेमीठ लिटरला एक ते तीन ग्रॅम, टप्प्याटप्प्यानं, विरघळवून. तळाची घाण रोज नळीनं ओढून काढायची, कारण कवचं तिथंच असतात. हे सगळं दोन आठवडे. मीठ पाणवनस्पतींना आणि खवले नसलेल्या माशांना सोसत नाही. मिथिलीन ब्लूसारखं औषध फिल्टरमधले जिवाणूही मारतं, म्हणून ज्या आजारात ते द्यायचं तिथं रोग्याला वेगळ्या टपात ठेवूनच द्यावं. पण पांढऱ्या ठिपक्यांत एकट्यालाच बाहेर काढून भागत नाही, पेटीभर परजीवी पसरलेला असतो. तिथं इलाज पेटीचाच.

मेडिकलमधून टेट्रासायक्लिनची कॅप्सूल आणून फोडून पेटीत ओतायची पद्धत सर्रास आहे. माझा तिला ठाम विरोध आहे. परजीवीवर ती काही करत नाही, बुरशीवर करत नाही, उपयोगी जिवाणूंना इजा करू शकते, आणि ते पाणी शेवटी नालीत जातं तेव्हा औषधाला न जुमानणारे जंतू तयार व्हायला हातभार लागतो. माणसाच्या दवाखान्यात आज जी औषधं निकामी होताहेत त्यात अशा बेहिशेबी वापराचाही वाटा आहे. विचारायचं तर जाणकाराला विचारावं. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गाय-बैल-शेळीची गर्दी असते, माशाचं तिथं क्वचितच येतं. पण मराठवाड्यातच उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था 1961 पासून आहे. माशाच्या आजाराचा अभ्यास करणारी माणसं आपल्याकडे आहेत.

उन्हाळ्याबद्दल थोडं थांबून बोललं पाहिजे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. पाणी 20 अंशांना लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू धरू शकतं, 30 अंशांना साडेसात. त्यात वीज जाते, पंप बंद पडतो. अशा वेळी तांब्यानं पेटीतलंच पाणी उचलून उंचावरून परत पेटीत सोडत राहणं हा साधा आणि खरा उपाय आहे. थंड पाण्याची बाटली बूच घट्ट लावून पेटीत तरंगत ठेवता येते. पण मोठा प्रश्न वेगळाच. याच महिन्यांत माजलगाव धरण काही वर्षी मृतसाठ्यात जातं, टँकरच्या वाटेकडे गाव डोळे लावून बसतं. शेजारच्या लातूरला एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. बाईमाणसाच्या डोक्यावर हंडा असताना माशासाठी पाणी बदलायचं का? मला वाटतं, बदलायचं. त्या जिवाला आपण इथं आणलं, तो स्वतःहून आला नाही. पेटी लहानशी, मासे मोजके, खाणं चिमटीभर, म्हणजे आठवड्याला दहा-बारा लिटरमध्ये भागतं. आणि ते पाणी वाया जात नाही. नायट्रेटनं भरलेलं ते पाणी कढीपत्त्याला, जास्वंदीला टाकावं, झाड महिनाभरात बोलतं. मीठ किंवा औषध घातलेलं तेवढं झाडाला घालू नये. ज्याला आठवड्याला एवढं पाणी मे महिन्यातही देता येणार नाही त्यानं पेटी आणू नये, हे मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, लेकरू रडत असलं तरी सांगतो.

आपल्या जुन्या कथांत मनूच्या ओंजळीत आलेला एक छोटा मासा आहे. तो म्हणतो, मला सांभाळ, मोठे मासे मला खातील. मनू त्याला घागरीत ठेवतो, तो मोठा होतो तसा खड्ड्यात, मग समुद्रात. शतपथ ब्राह्मणातली ही गोष्ट प्रलयासाठी सांगितली जाते. मला त्यातलं घागर बदलणं महत्त्वाचं वाटतं. मासा वाढला हे मनूच्या लक्षात येतं आणि तो पाणी वाढवतो. माशाला वाचा होती म्हणून हे सोपं गेलं असेल. आपल्याला न बोलणाऱ्याचं ओळखायचं आहे.

काही आजार ओळखता येतात पण परतवता येत नाहीत. पोट फुगतं, आणि वरून बघितलं तर अंगावरचे खवले उभे राहिलेले दिसतात. इंग्रजी पुस्तकं पाइनच्या फळाशी तुलना करतात. धारूरच्या डोंगरात फिरलेल्या माणसाला मात्र डोळे उघडलेलं सीताफळ आठवेल, पाकळी न् पाकळी सुटी झालेलं. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात पाणी सतत आपोआप शिरत असतं आणि मूत्रपिंडं ते सतत बाहेर टाकत असतात. ती थकली की पाणी आतच साठतं. हे बाहेरून दिसेपर्यंत आतलं बरंच संपलेलं असतं. आमच्या घरातल्या नारिंगी सोनमाशाला असं झालं तेव्हा तो वेगळ्या टपात होता, पाणी स्वच्छ, ऊब बेताची, मॅग्नेशियम सल्फेट दिलेलं. लाल्या पडलेल्या कपाशीवर शेतकरी हेच फवारतात. माशासाठी औषधाच्या दुकानातलं शुद्ध घ्यावं. सूज थोडी उतरली, पुन्हा चढली. मग त्यानं खाणं सोडलं, आणि डोकं वर धरायलाही त्याला कष्ट पडू लागले.

अशा वेळी काय करायचं ते आधीपासून ठाऊक असावं. मासा नालीत जिवंत टाकू नये, शौचकूपात सोडू नये, बर्फात घालू नये. या तिन्हींत तो तडफडतो. दातदुखीसाठी मिळणारं लवंगेचं तेल घ्यावं. त्यातलं युजेनॉल माशाला गुंगी आणतं; मत्स्यशास्त्रज्ञ मासा हाताळतानाही ते वापरतात. बाटलीत थोड्या पाण्याबरोबर तेल दुधाळ होईपर्यंत हलवावं आणि माशाच्या टपात हळूहळू सोडावं. तो आधी झोपतो, कूस टाकतो. मग मात्रा बरीच वाढवावी, आणि कल्ल्यांची हालचाल थांबल्यावरही निदान दहा मिनिटं, मी तर अर्धा तास म्हणेन, तसाच राहू द्यावा. आमच्या सोनमाशाला आम्ही असं पोचवलं. घरातली मुलं जवळ होती. त्यांना बाहेर पाठवायचं माझ्या मनात आलं नाही; ज्यांनी रोज खाणं घातलं त्यांनी हेही बघावं. थोरलीनं विचारलं, ‘त्याला दुखलं का हो?’ मी म्हणालो, ‘झोपल्यावर नाही दुखलं, बाळा. त्याच्या आधी दुखत होतं.’

मेलेला मासा पुरावा, आणि ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांनी हे पाळावंच: तो सिंदफणा नदीत, विहिरीत किंवा धरणात टाकू नये, आजारी जिवंत तर मुळीच सोडू नये. 1988 साली भारतात शिरलेल्या व्रणाच्या साथीनं मरळीसारख्या गोड्या पाण्यातल्या माशांच्या अंगावर खोल जखमा पाडल्या आणि राज्यामागून राज्य गाठलं; एका पाण्यातला रोग दुसऱ्या पाण्यात जायला फार काही लागत नाही. उजनी धरणात शोभेच्या पेट्यांतून सुटलेल्या सकर माशानं मच्छीमारांची जाळी फाडली ती वेगळीच तऱ्हा, पण मूळ तेच. हाताला जखम असेल तर पेटीत हात घालू नये. माशांना होणाऱ्या क्षयाचे जंतू 1926 मध्ये फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातल्या माशांत सापडले, आणि ते माणसाच्या कातडीत चिवट गाठी करतात. मासा खाऊनही वाळत गेला, कणा वाकला, तर ही शंका घ्यावी आणि घरात लहान मूल असेल तर अधिकच.

नवा मासा आणला तर तो सरळ जुन्यांत सोडायचा नाही. तीन-चार आठवडे वेगळा. सध्या पडवीत सावलीला एका टपात दोन मॉली आहेत, स्पंजचा छोटा फिल्टर लावून. एकीचा वरचा पर अजून पुरता उघडत नाही. खाते मात्र बरी. उद्या पहाटे पुन्हा बघायचं आहे, आणि पाणी आज रात्रीच टपात काढून ठेवायचं आहे, कारण संध्याकाळी नळाला आलेल्या पाण्याला टीसीएलचा वास होता.